हरिबा कुठे गेला

पान उलटताना मायक्रोफोनमध्ये कागदाचा आवाज जाऊ नये म्हणून निरुपमाने वाक्य संपायच्या आधीच पानाचा कोपरा दोन बोटांत उचलून धरला, आणि तेवढ्यात बूथच्या दारावर थाप पडली. एक नाही, तीन.

तिने रेकॉर्डिंग थांबवले. सयाजीगंजातल्या या श्रवण-ग्रंथालयात दार बंद असताना थाप मारायची नाही हा नियम सगळेच पाळत, आणि उत्कर्षा तर सगळ्यांहून कसोशीने पाळायची. दारावरचा लाल दिवा तिला दिसत नसे. ती लाकडावर तळहात टेकून आत वाचन चालू आहे की नाही हे ओळखायची आणि बाहेरच्या बाकावर मुकाट बसून राहायची. आज दार उघडले तर तीच समोर उभी होती. खांद्याला प्रवासाची बॅग, एका हातात पांढरी काठी, दुसऱ्या हातात एक जाड पुस्तक.

"अगं, सुरतहून कधी आलीस? चर्चासत्रातला निबंध कसा झाला?"

उत्कर्षा आत आली. टेबलाची कड चाचपून तिने पुस्तक त्यावर ठेवले आणि ते निरुपमाच्या दिशेने सरकवले.

"काकू, पान एकशे त्रेचाळीस वाचा."

तपकिरी पुठ्ठ्याची, ग्रंथालयाचा शिक्का असलेली 'ढाढरकाठची माणसे'ची जुनी आवृत्ती होती. त्या पानावर काय आहे हे निरुपमाला पुस्तक न उघडता ठाऊक होते.

त्र्यंबक विसाजी घैसास हे संस्थानाच्या महसूल खात्यातले कारकून. गावोगाव दप्तर घेऊन हिंडताना त्यांनी जे पाहिले त्यावर शंभर वर्षांपूर्वी ही एकच कादंबरी लिहिली. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ती अजून सापडते. तिच्यातले पुराचे प्रकरण निरुपमाने शाळेत अठ्ठावीस वर्षे शिकवले होते. रात्रीतून चढत गेलेली ढाढर नदी, छपरावर बसलेली माणसे, आणि शेजारच्या छपरावरच्या वैऱ्याला दोर फेकणारा पाटील. हे वाचताना वर्गातली खोडकर मुलेही गप्प होत.

ग्रंथालयासाठी तिने ती कादंबरी नऊ वर्षांपूर्वी रेकॉर्ड केली होती, आणि तीही उत्कर्षासाठीच. उत्कर्षा तेव्हा सोळा वर्षांची होती. रेल्वेत नोकरीला असलेल्या वडिलांबरोबर, जनार्दनरावांबरोबर, करजणहून पहिल्यांदा आली तेव्हा तिने खुर्चीवर बसण्याआधीच विचारले होते, "इथे मोठ्या माणसांची पुस्तकं मिळतात ने? मुलांच्या गोष्टी मला पुरे झाल्यात." निरुपमाने दुसऱ्याच दिवशी घैसास हातात घेतले. सुट्टीचे दिवस होते. दुपारभर वाचन चाले, बाहेर बाकावर उत्कर्षा वाट पाहत बसे, आणि संध्याकाळी त्या दिवशीचा भाग कानांना लावूनच करजणच्या गाडीत चढे.

अकराव्या प्रकरणात हरिबा येतो. घाटाच्या पायऱ्यांवर बसून सुंभ वळणारा, जन्माने आंधळा. त्या दिवशी निरुपमा एकशे बेचाळीस पानापर्यंत वाचत आली, पुढच्या पानावर नजर गेली आणि ती थांबली. बूथच्या काचेतून तिला बाकावरची मुलगी दिसत होती. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, मांडीवर डब्याची पिशवी. निरुपमाने चार पाने एकदम उलटली आणि एकशे सत्तेचाळिसाव्या पानावरून वाचन पुढे सुरू केले. त्यानंतर हरिबाविषयी जिथे जिथे वाकडे वाक्य आले तिथे ती न अडखळता पुढे गेली. गावकुसाबाहेरच्या माणसांविषयी घैसासांनी जी भाषा वापरली होती तीही तिने गाळली. चांगल्या पुस्तकाला लागलेली ती शंभर वर्षांची घाण होती, तांदूळ निवडतात तशी तिने ती निवडून टाकली होती. तिला कधी त्याची रुखरुख लागली नव्हती.

"बस तरी," ती आता म्हणाली. "पाणी घे."

"मी वीस मिनिटं बोलले काकू." उत्कर्षा उभीच होती. आवाज चढलेला नव्हता. "'हरिबाचे मौन प्रस्थान.' हरिबा सुंभाचं वेटोळं खांद्यावर टाकतो, पायऱ्या चढून जातो आणि मग पुस्तकात परत येतच नाही. मी म्हटलं, लेखकाने त्याला रडवेला निरोप दिला नाही. त्या काळात सगळे आंधळ्यांची कीव करत होते, घैसासांनी कीव केली नाही. त्याला मानाने जाऊ दिलं. हा केवढा संयम आहे, असं म्हटलं. टाळ्या वाजल्या."

"मग?"

"मग पुण्याचा सलील म्हणून एक जण उठला. फार सभ्यपणे उठला. म्हणाला, आपण कोणती आवृत्ती वापरलीत? कारण माझ्याकडच्या आवृत्तीत हरिबा असा जात नाही, त्याला हाकलतात. आणि त्याने चार पानं वाचून दाखवली."

निरुपमाने टेबलावरच्या पुस्तकावर हात ठेवला.

"सभागृहात इतकं शांत झालं की मला पंखे मोजता आले. अध्यक्षबाईंना काय करावं कळेना. त्या म्हणाल्या, लेखकाची दृष्टी इथे थोडी अधू झाली आहे." उत्कर्षाच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. "मग त्यांना कळलं आपण काय बोललो, आणि त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली."

बाहेर ग्रंथालयाचे व्यवस्थापक विक्रमसिंह कोणाशी तरी फोनवर बोलत होते. निरुपमाने दार लोटून घेतले.

"तुम्हाला माहीत होतं मी हरिबावर लिहितेय. दिवाळीत सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, छान."

"हो."

"तेव्हा तरी सांगायचं ने."

दिवाळीतली ती संध्याकाळ निरुपमाला चांगली आठवत होती. सांगावे असे तिच्या मनात आले होते. पण उत्कर्षा इतकी खुशीत बोलत होती की उद्या सांगू म्हणून तो विषय राहिला, मग पुढच्या रविवारी सांगू म्हणून राहिला, आणि नंतर निबंध लिहून झाला असेल तर आता कशाला, असे वाटले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला त्रास होऊ नये म्हणून केलं होतं. सोळा वर्षांची होतीस."

"तेव्हा सोळा. आता पंचवीस." उत्कर्षाने खुर्ची ओढली आणि ती बसली. "सलीलने भराभर वाचलं, त्यालाही लाज वाटत होती. मला नीट ऐकू आलं नाही. मला ते तुमच्या आवाजात ऐकायचंय. पान एकशे त्रेचाळीस."

निरुपमाने चष्मा पुसला, पुस्तक उघडले आणि वाचायला सुरुवात केली.

"ज्यास दिसत नाहीं त्यास लाज कशी असावी? लाज ही डोळ्यांच्या वाटेनें मनांत शिरते. ती वाट ज्याची जन्मतःच बुजली, त्याच्या अंतरीं काळोखाखेरीज कांहीं वसत नाहीं. हरिबाच्या मुखावर जें हास्य सदा दिसे तें भोळेपणाचें नसून..."

"आवाज पाडू नका."

"काय?"

"आवाज पाडताय तुम्ही. ढाढर चढते तेव्हा कसं वाचता? तसं वाचा. त्याने तेही तेवढ्याच मन लावून लिहिलंय आणि हेही."

निरुपमाने ओळ पहिल्यापासून घेतली. या वेळी तिने शब्दांना त्यांचे वजन दिले. पहाटे हरिबा समोर आला तर लोक कसे माघारी फिरत. देवळातली घंटा चोरीला गेली तेव्हा कोणी पाहिले नसतानाही ती त्यानेच नेली हे गावाला कसे कळले. आणि त्याला वेशीबाहेर काढल्यावर 'गावाच्या अंगावरचें गळूं फुटल्यासारखें' सगळ्यांना कसे हलके वाटले. घंटेचे पुढे काय झाले ते घैसासांनी सांगितलेच नव्हते. चोर कोण हा प्रश्न त्यांच्यापुरता तिथेच सुटला होता. चार पाने संपली तेव्हा निरुपमाने पुस्तक मिटले.

उत्कर्षाने घडी केलेल्या काठीच्या दोरीची गाठ अंगठ्याने चोळली.

"वाईट लिहिलंय," ती म्हणाली.

"वाईटच आहे. म्हणून तर..."

"तसं नाही. लिहिलंयच वाईट. एकही गोष्ट त्याने पाहिलेली नाही यात. सुंभ वळताना हरिबाची बोटं कशी चालतात ते आधी दोन पानं इतकं बरोबर लिहिलंय, की मला वाटलं हा माणूस त्याच्याशेजारी बसला असणार. आणि इथे सगळं ऐकीव. घाटावरच्या गप्पा नुसत्या उतरवून काढल्यात." ती थांबली. "येताना गाडीत मी पुराचं प्रकरण परत ऐकलं. म्हटलं, आता आवडणार नाही. तर अजून आवडतं. त्याचाच जास्त राग आला."

"माझा की घैसासांचा?"

"घैसास मेलेत. त्यांना माहीत नव्हतं मी त्यांचं पुस्तक ऐकणार म्हणून. तुम्ही मला काचेतून बघत होतात." तिने काठी उघडली. "हे असं किती ठिकाणी आहे?"

"मोजलं नाही कधी."

"मग मोजा. माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं तुमच्या आवाजावर उभी आहेत."

ती गेली. जिन्यावर तिच्या काठीचा आवाज नेहमीच्याच लयीत उतरत गेला.

त्या दिवशी हरणीला घरी पोहोचेपर्यंत निरुपमा मनातल्या मनात उत्तरे देत होती, आणि ती सगळी चांगली उत्तरे होती. लहान मुलीसमोर आपण शिवी उच्चारत नाही. आई मुलाच्या ताटातले काटे काढते. तिचा नवरा लक्ष्मीकांत गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालत होता. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून तो ऐकायचे असले की हातातले काम थांबवत असे. त्याने नळ बंद केला आणि सगळे ऐकून घेतले. घरात पहिल्यापासून दोघेच असल्यामुळे एकमेकांना बरे वाटावे म्हणून बोलायची सवय त्यांनी कधीच सोडली होती.

"तुझा हेतू चांगला होता यात शंका नाही," तो म्हणाला. "पण प्लांटमध्ये मीटरचा काटा कोणाला भीती वाटू नये म्हणून कमी दाखवला, तर आम्ही त्या माणसाला घरी पाठवायचो."

"पुस्तक म्हणजे मीटर नाही."

"नसेल. पण ती पोरगी त्याच्यावरूनच हिशेब करत होती ने?"

निरुपमाने हातातली पर्स टेबलावर ठेवली. तिला त्याचा राग आला, आणि जेवताना लक्षात आले की त्याच्यावर रागावण्यासारखे त्याने काही म्हटलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भास्कररावांना फोन केला. भास्करराव ब्याऐंशी वर्षांचे, ग्रंथालयाचे सर्वांत जुने मराठी सभासद. 'ढाढरकाठची माणसे' त्यांनी आजवर अकरा वेळा नेली होती. रेकॉर्डिंग बदलायचे तर आधी त्यांच्या कानांवर घालायला हवे होते. या वयात त्यांच्या लाडक्या पुस्तकातून असे काही अंगावर यायला नको. तिने शब्द जुळवून ठेवले होते. पुस्तकाचा काही भाग तेव्हा वाचायचा राहिला होता, तो आता घालणार आहोत, त्यात काही मजकूर दृष्टिहीनांबद्दल बरा नाही.

"म्हणजे हरिबाचं ने?" भास्करराव म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक आहे?" निरुपमाने विचारले.

"माझे डोळे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, निरुपमाबेन. त्याआधी घैसास दोनदा वाचून झाले होते. घंटा चोरीला जाते, त्याला वेशीबाहेर काढतात. चांगलं लक्षात आहे."

"मग तुम्ही नऊ वर्षांत एकदाही बोलला नाहीत."

"तुम्ही वगळलंत, तेव्हा मी धरलं की तुम्हाला ते वाचवत नसेल. माझ्यासारख्यांचे चेहरे रोज समोर असताना असलं वाचायचं म्हणजे वाचणाऱ्यालाही जड जातं. म्हटलं, बाईला कशाला अवघडवायचं?" ते खाकरले. "पण खरं सांगू? दर वेळी अकरावं प्रकरण आलं की मी ती चार पानं मनातल्या मनात म्हणून घेत होतो. नाहीतर पुढचं नीट लागत नाही. तुम्ही वाचणार असाल तर माझी सुटका होईल."

निरुपमाने फोन ठेवला. मग तिने कपाटातून आपली जुनी प्रत काढली, दोन पेन्सिलींना टोक केले आणि उत्कर्षाला निरोप पाठवला: गुरुवारी दोन वाजता ये. मोजायला दोघी बसू.

गुरुवारी उत्कर्षा आली तेव्हा विक्रमसिंह बूथच्या दारात उभे होते.

"आखी चोपडी फरीथी?" त्यांनी विचारले. सगळे पुस्तक पुन्हा वाचणार का, याची त्यांना काळजी होती. बूथ पुढचा महिनाभर गुजराती पाठ्यपुस्तकांसाठी ठरलेला होता.

"आखी नहीं," निरुपमा म्हणाली. "जेटलुं रही गयुं एटलुं ज." जेवढे राहून गेले तेवढेच.

दोघींनी पद्धत ठरवली. नऊ वर्षांपूर्वीचे रेकॉर्डिंग लावायचे, निरुपमाने छापील ओळींवरून पेन्सिल फिरवत जायचे आणि जिथे आवाज उडी मारेल तिथे थांबायचे. उत्कर्षा मांडीवर ब्रेलची पाटी घेऊन बसली. पान, ओळ, कोणाविषयी, एवढे टोचून घ्यायचे. मग निरुपमाने ते तिथल्या तिथे रेकॉर्ड करायचे.

पहिल्या दिवशी सात जागा सापडल्या. निरुपमाला प्रत्येक जागा आठवत होती, ती गाळण्याचे कारणही आठवत होते, आणि ते ती न विचारता सांगत होती. हे हरिबाचे. हे मसणवट्याजवळच्या वस्तीचे. हे पाणवठ्यावर रखमाला हाकलतात त्याचे. इथे तर मी नुसता एक शब्द बदलला होता. उत्कर्षा कधी नुसती टोचून घेई, कधी म्हणे, "रखमाचं गाळलंत तेव्हा माझा काय संबंध होता? मी तर रखमाच्या वस्तीतली नाही."

"तेव्हा वाटलं, कोणाच्याच कानांवर पडू नये."

"वस्तीतल्यांच्या कानांवर ते रोज पडतंय, काकू. आमच्यासारख्यांना मात्र वाटत राहिलं की घैसासांच्या गावात सगळे एकाच पाणवठ्यावर पाणी भरत होते."

निरुपमाने मान डोलावली, मग ती हालचाल उत्कर्षाला कळणार नाही हे जाणवून म्हणाली, "बरोबर आहे." आणि रखमाचा परिच्छेद वाचला. घैसासांनी वापरलेला शब्द तिने तसाच उच्चारला. तो उच्चारताना आवाज खाली गेला नाही. मध्यंतरात विक्रमसिंहांनी खालून शेवउसळ मागवली, आणि तिखटाने नाक ओढत उत्कर्षा म्हणाली की प्रबंधाचे नाव आता बदलणार, आधीचे फारच गोड होते. सलीलला तिने पत्र लिहून त्याच्याकडची आवृत्ती मागवली आहे, आणि त्याने माफी मागायला सुरुवात केली तेव्हा त्याला सांगितले आहे की माफी नको, टिपा पाठव.

दुसऱ्या दिवशी त्या अठराव्या प्रकरणापर्यंत पोहोचल्या. जागा सोळा झाल्या होत्या. निरुपमाचा हात आता बसला होता. नवे वाचन जुन्या वाचनाला जोडले तर सांधा कळत नव्हता. उरलेल्या तीन प्रकरणांत गाळलेले काही नाही हे तिला पक्के ठाऊक होते. एकोणिसावे प्रकरण म्हणजे नुसता जत्रेचा भाग. पाळणे, हलवायांची दुकाने, हरवलेले एक मूल आणि त्याला कडेवर घेऊन हिंडणारी सावकाराची बायको गोदावरी. हे लावायचीही गरज नव्हती, पण उत्कर्षा म्हणाली, लावा.

यंत्रातून निरुपमाचाच नऊ वर्षांपूर्वीचा आवाज येत होता, थोडा अधिक भरदार. गोदावरी मुलाला बत्तासे घेऊन देते. मूल तिच्या खांद्यावर मान टाकते. निरुपमाची पेन्सिल ओळीवरून सरकत होती. आवाज म्हणाला, "इतक्यांत मुलाची आई धापा टाकीत आली," आणि पेन्सिल अजून तिथवर पोहोचलेली नव्हती.

मध्ये चार ओळी होत्या.

निरुपमाने त्या वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. त्या गाळल्याचे तिला आठवत नव्हते. सोळा जागांपैकी प्रत्येक जागेला काचेपलीकडची मुलगी होती, कारण होते. इथे काहीच नव्हते. त्या दुपारी डोळ्यांनी ही ओळ पाहिली असणार आणि जिभेने ती न घेताच पुढचे वाक्य उचलले असणार. वाचताना श्वासही चुकला नव्हता. यंत्रातला आवाज पुढे जात होता, मुलाच्या आईने मूल हिसकावून घेतले होते, जत्रेतले दिवे लागत होते. उत्कर्षा पाटीवर हात ठेवून शांत बसली होती. तिला काही कळलेले नव्हते. कळण्याचा मार्गही नव्हता.

प्रकरण संपत आले तेव्हा निरुपमाने बटण दाबले.

"एक राहिलं मागे," ती म्हणाली. "सतरावी जागा."

"जत्रेत?" उत्कर्षाने टोचणी उचलली. "पान?"

"दोनशे सोळा. खालून चौथी ओळ."

"कोणाविषयी?"

निरुपमाने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा घातला.

"मूल नसलेल्या बाईविषयी."

टोचणी कागदावर उतरली नाही. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, कोणीतरी स्टेशन, स्टेशन म्हणून ओरडत होते. नऊ वर्षांतले किती रविवार उत्कर्षाने हरणीच्या त्या घरात जेवून काढले होते; बारावीच्या निकालाच्या दिवशी जनार्दनरावांच्या आधी तिने फोन कोणाला केला होता, हे दोघींनाही माहीत होते.

"काकू," ती हळूच म्हणाली, "हे राहू दे हवं तर. माझ्या विषयात ते येत नाही. यावरून मला कोणी प्रश्न..."

ती मध्येच थांबली. आपण काय बोलतो आहोत ते तिच्याच कानांवर पडले होते. निरुपमाने तिच्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावरची ती ओढाताण तिच्या चांगल्या ओळखीची होती, आणि ती समोरून पाहायला कशी दिसते हे तिला आजच समजत होते.

"पान दोनशे सोळा," ती म्हणाली. "लिहून घे. आणि हेडफोन लाव."

उत्कर्षाने पान टोचले, ओळ टोचली. मग पाटी बाजूला ठेवून हेडफोन कानांवर चढवला, चाचपून रेकॉर्डिंगचे बटण दाबले आणि सुरू करा म्हणून बोट वर केले.

निरुपमाने पुस्तक जवळ ओढले.

"जिच्या घरीं पाळणा हालला नाहीं," तिने वाचले, "ती दुसऱ्याच्या लेंकरास उराशीं धरते तेव्हां ती माया नव्हे, ती भूक होय. आणि भुकेल्यापासून लेंकरें दूर ठेवावीं, हें शहाण्या आयांस सांगावें लागत नाहीं."

उत्कर्षाचे वर केलेले बोट तसेच राहिले होते. निरुपमाने पूर्णविरामापाशी जेवढा घ्यायचा तेवढाच श्वास घेतला आणि पुढच्या दोन ओळी वाचल्या.